जूनच्या पहिल्या आठवड्यात हम्ता पास : बर्फ किती असेल हे आधी कसं तपासायचं?

वाटसरू_नाशिक | १४ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकचे सहा जण जूनच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलातल्या मनालीजवळच्या हम्ता पासला (खिंडीला) निघालोय. जोबऱ्याहून चढायला सुरुवात, चिका आणि बालू का घेरा हे मुक्काम, मग पास ओलांडून सियागोरू आणि छत्रू. रस्ता उघडला असेल तर चंद्रताल तलाव बघून अटल बोगद्यातून मनालीला परत. रेल्वेची तिकिटं काढून झाली आहेत. कंपनीबरोबर जात नाही, मनालीतला ओळखीचा गाईड आहे.

सह्याद्रीत सगळे भरपूर फिरलेत, अलंग-मदन-कुलंग सगळ्यांचं झालंय. बर्फावर मात्र दोघेच चाललेत, तेही डिसेंबरात केदारकंठाला.

अडचण अशी की याच तारखांचे फोटो एकमेकांशी जुळतच नाहीत. एका वर्षी ५ जूनला बालू का घेराला हिरवंगार गवत, दुसऱ्या वर्षी तिथेच तंबूभोवती बर्फ. दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारलं, तर सगळीकडून "थोडा स्नो मिलेगा, टेन्शन मत लो" एवढंच. घरी बसून नेमकं काय तपासता येतं? आणि काय दिसलं की जायचं नाही असं ठरवायचं?

भटका_जीव | १४ मे, रात्री १०:३५

मी २०२२ मध्ये जूनच्या सुरुवातीला गेलो होतो. पासच्या अलीकडे-पलीकडे थोडा बर्फ, बाकी वाट कोरडी. साधे ट्रेकिंगचे बूट पुरले. बिनधास्त जा, फार विचार करू नका.

घसारा | १५ मे, सकाळी ७:२०

@भटका_जीव, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो २०२२चा आहे. त्या वर्षीचा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सगळ्यांत उष्ण मार्च होता. वर उत्तरेत पाऊस-बर्फही नावापुरताच पडला, त्यामुळे बर्फ लवकर ओसरला. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२३च्या मेमध्ये, एकामागून एक वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारे, डोंगरात पाऊस-बर्फ आणणारे हवेचे पट्टे) येत राहिले. केदारनाथला मेमध्ये बर्फ पडत होता आणि यात्रेची नोंदणी थांबवावी लागली होती. २०२२च्या फोटोंवर विसंबून २०२३ला गेलेल्या माणसाला काय भेटलं असेल, विचार करा. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की मागच्या वर्षांच्या तारखा बाजूला ठेवा. हिवाळ्यात किती पडला, एप्रिल-मे किती तापला आणि शेवटचा ताजा बर्फ कधी पडला, या तीन गोष्टी दर वर्षी वेगळ्या असतात.

@वाटसरू_नाशिक, "बर्फ आहे का" असं विचारलंत तर उत्तर "आहे"च येणार, कारण ४,२७० मीटरच्या पासवर जूनच्या सुरुवातीला तो असतोच. विचारायचं ते असं : कोणत्या उतारावर आहे, सलग आहे की तुकड्यातुकड्यांनी, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी तुम्ही त्यावर असणार.

हम्ताच्या दोन बाजू सारख्या नाहीत. कुलूकडून चढतो ती बाजू त्यातल्या त्यात उघडी, तिला ऊन चांगलं मिळतं. पास ओलांडला की सियागोरूकडे उतरणारा उतार उत्तर-पूर्वेकडे तोंड करून आहे आणि तीव्रही आहे. तिथे बर्फ उशिरापर्यंत टिकतो. बालू का घेरापर्यंत कोरड्या वाटेने येऊन माणूस खुशीत असतो आणि खरा बर्फ त्याला उतरताना भेटतो, तोही दमलेला असताना. तुमच्यातले चौघे बर्फावर पहिल्यांदाच चालणार असतील तर त्यांची परीक्षा चढाईत नाही, उतरताना आहे.

आता वेळेचं. हिवाळ्यातला बर्फ आणि जूनमधला बर्फ यांत फार फरक आहे. केदारकंठाला डिसेंबरात तुमच्या दोघांनी पाहिला तो थंड, भुसभुशीत. जूनमध्ये थराच्या तळापासून वरपर्यंत सगळं शून्य अंशाला आलेलं असतं आणि आतून पाणी झिरपत असतं. रात्री आभाळ मोकळं असलं की वरचा थर गोठून दगडासारखा होतो. पहाटे त्यावर पाय रोवत नाही, मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे लोखंडी दाते) लागतात. नऊ-दहाच्या सुमारास पाऊल छान बसतं. दुपार झाली की त्याच ठिकाणी मांडीपर्यंत आत जाता. उन्हाने तापलेल्या मोठ्या खडकांच्या कडेने तर खालून पोकळी झालेली असते, तिथे पाय गेला की घोटा गेलाच म्हणा.

ढगाळ रात्र गेली तर बर्फ नीट गोठतच नाही, सकाळपासूनच भुगा. म्हणजे आदल्या रात्री चांदण्या दिसल्या का, ही फार कामाची माहिती आहे.

हिमरेषा | १५ मे, दुपारी १:१०

उपग्रहाच्या चित्रांवर काम करते म्हणून माझ्या बाजूचं लिहिते. हे फुकट आहे आणि फोनवरही जमतं, तरी मोठ्या पडद्यावर बघा.

कोपर्निकस ब्राउझर (युरोपच्या उपग्रहांची चित्रं दाखवणारं संकेतस्थळ) उघडा, त्यात सेंटिनेल-२ हा उपग्रह निवडा. चित्रातल्या एका चौकोनाची बाजू १० मीटर, म्हणजे नाल्यावरचा बर्फाचा पट्टा सुद्धा ओळखता येतो. साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं. आपल्याकडे उपग्रह सकाळी अकराच्या आसपास जातो. मेमध्ये हिमाचलवर ढग दुपारनंतर जमतात, त्यामुळे अनेकदा चित्र मोकळं मिळतं.

नेहमीच्या रंगांतल्या चित्रात ढगही पांढरा आणि बर्फही पांढरा. इथेच बहुतेक जण फसतात. म्हणून रंगांचा पर्याय बदलून शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड असलेला निवडा. बर्फ त्या लहरी शोषून घेतो, पाण्याच्या थेंबांचे ढग त्या परत फेकतात. चित्रात बर्फ निळसर दिसतो आणि ढग पांढरट राहतो. फार उंचावरचे, बर्फाच्या कणांचे पातळ ढग मात्र या चित्रातही चकवू शकतात. तेव्हा लागोपाठच्या दोन तारखा बघा. जागचा हलला तो ढग.

मग तुमच्या वाटेचा जीपीएस ट्रॅक त्यावर टाका आणि खालून वर येत बघा : बर्फाचे तुकडे कोणत्या उंचीला सुरू होतात आणि सलग बर्फ कोणत्या उंचीपासून. हे दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. पुढच्या चित्रात ते किती वर सरकले ते बघा. दोन-तीन चित्रं हाती आली की तुमच्या तारखेला रेषा कुठे असेल याचा बराच चांगला अंदाज बांधता येतो. त्याच महिन्याची मागच्या चार-पाच वर्षांची चित्रंही तिथेच आहेत. त्यांच्याशी ताडून पाहिलं की यंदा बर्फ लवकर उतरतोय की उशिरा ते कळतं. कोणाच्या तरी फोटोपेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

रोजचं चित्र हवं असेल तर नासा वर्ल्डव्ह्यू आहे. ते २५० मीटरचं, म्हणजे पासची वाट दिसणार नाही, पण काल रात्री पीर पंजालवर ताजा बर्फ पडला का हे लगेच कळतं.

चित्रातून काय कळत नाही तेही सांगते. खोली कळत नाही. दहा सेंटिमीटर असो की दोन मीटर, निळं ते निळंच. बर्फ कडक आहे की मऊ ते कळत नाही, आणि खालून नाल्याने पोखरलेला आहे का ते तर अजिबातच नाही.

वाटसरू_नाशिक | १५ मे, रात्री ११:०५

हिमरेषाताई, घसारा, मनापासून आभार. संध्याकाळपासून चित्रंच बघत बसलोय. एक शंका आहे. मनालीचं तापमान फोनवर दिसतं, त्यावरून वर गोठेल की नाही हे काढता येतं का?

घसारा | १६ मे, सकाळी ६:५५

ढोबळ काढता येतं. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी धरा. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, पास ४,२७०वर, म्हणजे फरक चौदा अंशांचा. मनालीचं रात्रीचं किमान १२ असेल तर पासवर उणे २ च्या आसपास. आभाळ निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग हवेपेक्षाही जास्त थंड होतो, त्यामुळे हवा शून्याच्या किंचित वर असली तरी गोठू शकतो. मनालीत रात्री १६-१७ आणि ढग असतील तर मात्र मऊ बर्फाची तयारी ठेवा.

फोनमधला अंदाज खालच्या गावाचा असतो हे विसरू नका. हवामान खात्याच्या शिमला केंद्राचं पत्रक रोज वाचा, त्यात लाहौल-स्पितीचं आणि उंच भागाचं वेगळं असतं. 'उंच भागात हिमवृष्टी' असं आलं की तो दिवस आणि त्यानंतरचा उन्हाचा पहिला दिवस पासवर जायचं नाही. जुन्या कडक थरावर पडलेला ताजा बर्फ उन्हाने भिजला की तीव्र उतारावरून घसरून येतो.

ब्यासकाठ | १६ मे, दुपारी ४:३०

मी मूळची साताऱ्याची, आता मनालीजवळ राहते. इथलं सांगते.

गाईडला "बर्फ कितना है" असं विचारू नका. त्याला तुमचं मन मोडायचं नसतं, तो "ठीक है सर" म्हणणार. ज्यांना हो-नाहीत किंवा एखाद्या जागेच्या नावात उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. खेचरं आज कुठपर्यंत जाताहेत? हा सगळ्यांत चांगला प्रश्न. खेचरवाला जनावराला पोटापर्यंतच्या बर्फात घालत नाही. खेचरं चिकाला थांबत असतील तर वर बर्फ भरपूर आहे आणि सामान माणसांच्या पाठीवर जाणार, म्हणजे खर्चही वाढणार. बालू का घेरापर्यंत जात असतील तर बरं चाललंय. पुढचा प्रश्न : बालू का घेराच्या वाटेवरचा नाला उघडा आहे की बर्फाखाली? आणि तिसरा : पास ओलांडून शेवटचं माणूस कधी उतरलं? उत्तर कुठल्याही दिवसाचं असो, ते स्वतः पाहिलेलं आहे की ऐकलेलं, हेही विचारा.

गद्दी लोक आपली मेंढरं घेऊन जूनमध्ये याच पासवरून लाहौलच्या कुरणांकडे जातात. कळप पलीकडे गेलेत असं कळलं तर बर्फातली वाट तुडवून तयार झालीय असं समजा.

आता रस्ता. याचा विचार बाहेरून येणारे सगळ्यांत कमी करतात. छत्रू हे ग्रामफू-काझा रस्त्यावर आहे. तो हिवाळ्यात बंद असतो आणि सीमा सडक संघटना तो उन्हाळ्यात टप्प्याटप्प्याने उघडते. कोकसरकडून छत्रूपर्यंत गाडी येत नसेल तर पास ओलांडून तुम्ही उतरणार कुठे? एक तर पायी कोकसरची वाट धरायची, नाही तर त्याच पासवरून माघारी. अटल बोगदा २०२०च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे म्हणून लाहौल वर्षभर जोडलेला आहे असं लोक धरून चालतात, पण बोगदा सिस्सूच्या बाजूला उघडतो. छत्रू तिथून दूर, वेगळ्या रस्त्यावर. आणि छत्रूपर्यंत उघडला म्हणजे चंद्रतालपर्यंत उघडला असंही नाही. बाताळच्या पुढचा फाटा त्यानंतरचा. टॅक्सी युनियनमध्ये फोन करून "आज छत्रू गाड़ी गई क्या" एवढंच विचारा.

२०२३च्या जुलैत चंद्रतालला अडीचशेहून जास्त पर्यटक पावसात आणि बर्फात अडकले होते. रस्ता साफ करून त्यांना काढायला दिवस लागले. तो तर जुलै होता.

सह्यकडा | १६ मे, रात्री ८:१५

मायक्रोस्पाइक्स घेतले की हम्तासाठी पुरे असतात असं माझं मत. आईस अ‍ॅक्स (बर्फाची कुदळ) वगैरे उगाच ओझं.

घसारा | १६ मे, रात्री ९:४०

@सह्यकडा, मऊ किंवा मध्यम बर्फावर तुमच्याशी सहमत. सियागोरूकडच्या उतारावर पहाटेचा कडक बर्फ असेल तर नाही. स्पाइक्समुळे पाय सटकायचा राहतो, पण एकदा सटकलात तर थांबवायला ते काहीच करत नाहीत. आपल्याला घसाऱ्यावर उतरायची सवय असते. टाच रोवायची, थोडं घसरू द्यायचं, मुरूम आपोआप थांबवतो. कडक बर्फ थांबवत नाही, वेग वाढतच जातो. ही सह्याद्रीची सवय तिथे मुद्दाम विसरावी लागते.

प्रत्येकाला अ‍ॅक्स नको, कारण वापरता येत नसेल तर तिच्यामुळेच इजा होते. पण गाईडकडे एक अ‍ॅक्स आणि दोर हवाच, आणि पायऱ्या खोदून देणारा माणूस हवा. आणि उतार कडक असेल तर पासवर तासभर ऊन खात थांबायचं, थोडा मऊ झाला की निघायचं. बसून घसरत जायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. खाली खडक किंवा नाला नाही, हे गाईडने स्वतः उतरून बघितल्याशिवाय ते करू नका.

ब्यासकाठ | १७ मे, सकाळी १०:००

नाल्याबद्दल राहिलं होतं. बर्फ वितळतो दिवसा, त्यामुळे नाल्याचं पाणी पहाटे सगळ्यांत कमी आणि दुपारी-संध्याकाळी सगळ्यांत जास्त. सकाळी पोटरीपर्यंत असलेला प्रवाह दुपारी कमरेला लागू शकतो. नाल्यावरचे बर्फाचे पूल जूनमध्ये खालून रोज थोडे थोडे झिजतात. मधोमध खोलगट झालेला, भेगा दिसणारा किंवा करडा पडलेला पूल सोडून द्या. खालून पाण्याचा आवाज मोठा येत असेल तर तोही. वर किंवा खाली अर्धा तास चालून पाण्यातून ओलांडलेलं बरं. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा.

डॉ_पायवाट | १७ मे, दुपारी २:४५

दोनच गोष्टी.

गॉगल प्रत्येकाला, गाईड आणि पोर्टरलाही. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परत फेकतो आणि उंचीबरोबर ते किरण वाढतात. डोळे लगेच दुखत नाहीत. सहा ते बारा तासांनी, रात्री तंबूत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि सकाळी उघडवत नाहीत. ढग असले तरी गॉगल काढू नका. बाजूने बंद असलेला घ्या, फॅशनचा नको.

दुसरं, बर्फात वेग निम्म्यावर येतो. म्हणजे कोरड्या वाटेच्या हिशोबाने ठरवलेला पासचा दिवस दहा-बारा तासांचा होतो, तोही चार हजार मीटरच्या वर. डोकं दुखतंय, उलटी होतेय अशा माणसाला पासकडे न्यायचं नाही. पलीकडे पटकन खाली उतरू, हा हिशोब तीव्र बर्फाच्या उतारावर चालत नाही.

पश्चिमवारा | १७ मे, रात्री ९:२०

सगळं वाचलं, फार उपयोगी धागा. एक जोडतो. २०२४च्या जूनच्या सुरुवातीला उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या गटाला वादळाने गाठलं आणि नऊ जण गेले. जून होता, ट्रेकिंगचा मोसम होता. उन्हाळ्यातही चार हजार मीटरवर वारा आणि बर्फ एकत्र आले की ओल्या कपड्यांतला माणूस काही तासांत खचतो. म्हणून बर्फाची चौकशी करताना वाऱ्याचा अंदाजही बघा आणि एक राखीव दिवस हातात ठेवाच. परतीच्या गाडीसाठी पास ओलांडायची घाई करण्यापेक्षा तिकीट बुडू दे.

वाटसरू_नाशिक | २९ मे, रात्री १०:२०

सगळ्यांचं वाचून सहा जणांची बैठक घेतली. १३, १८ आणि २८ मेची चित्रं मिळाली, २३ची ढगांनी भरलेली. सलग बर्फाची रेषा हळूहळू वर सरकतेय, पण मागच्या चार वर्षांतल्या तीन वर्षांपेक्षा ती अजून खाली आहे. गाईडला ब्यासकाठताईंनी सांगितले तेच प्रश्न विचारले. खेचरं अजून बालू का घेराच्या अलीकडेच थांबतात. छत्रूला गाडी परवापासून जातेय.

तिकिटं आठवड्याने पुढे ढकलली, एक राखीव दिवस धरला. पासवर अकरापर्यंत पोहोचलो नाही तर आहोत तिथून मागे, आणि हे सहाही जणांनी आत्ताच मान्य केलंय, वर चर्चा नाही. मनालीत पोहोचल्यावर खेचरं बालू का घेराला जात नसतील किंवा हवा बिघडली असेल तर हम्ता सोडून धुंदीहून ब्यासकुंड करायचं. ते बरंच खाली आहे, चौघांना बर्फावर चालायचा सराव होईल. चंद्रताल यादीतून काढला.

गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं) आणि स्पाइक्स मनालीत भाड्याने मिळतात ना? की इथून विकत घेऊन जावेत?

ब्यासकाठ | ३० मे, सकाळी ८:१०

दोन्ही मिळतात, मॉल रोडच्या आसपास आणि जुन्या मनालीत. पण स्पाइक्स तुमच्या बुटावर चढवून, दुकानातच दहा पावलं चालून घ्या. रबर सैल पडलेले बरेच असतात आणि उतरताना तेच निसटतात. मोठ्या मापाचे आधी संपतात, तेव्हा पोहोचल्या दिवशीच घ्या. गेटर्स परवडत असतील तर स्वतःचे आणा, भाड्याच्यांच्या चेन अडकतात.

वाटसरू_नाशिक | १९ जून, रात्री ९:००

परत आलो, सहाही जण सुखरूप. पुढच्यांना उपयोग व्हावा म्हणून तारीख आणि जागेसह लिहितो.

१३ जून, बालू का घेरा : कॅम्पची जागा कोरडी, नाल्याच्या कडेला बर्फाचे तुकडे. खेचरं इथपर्यंत आली. रात्री आभाळ मोकळं.
१४ जून : पहाटे साडेतीनला निघालो. सलग बर्फ साधारण ३,९०० मीटरपासून, म्हणजे ११ तारखेच्या चित्रात दिसला त्याच्या आसपासच. बर्फ कडक, सगळ्यांचे स्पाइक्स लावलेले. पासवर नऊच्या आधी. सियागोरूकडचा उतार अजून सावलीत आणि कडक होता, गाईडने पाऊण तास थांबवलं आणि दोर लावून उतरवलं. खाली नाल्यावरचा पूल मधोमध खचलेला दिसला, तो सोडून वरच्या अंगाने पाण्यातून गेलो. पाणी गुडघ्याच्या खाली.
१५ जून, छत्रू : उतरणीवर बर्फ फक्त घळींमध्ये. छत्रूच्या अलीकडचा प्रवाह सकाळी आठला ओलांडला, पाणी मांडीपर्यंत, साखळी करून.

आमच्यामागून आलेला एक गट दुपारी सियागोरूला पोहोचला, ते उतारावर मांडीपर्यंत रुतत होते.

हिमरेषा | २० जून, सकाळी ९:३०

नोंदींबद्दल खूप आभार. १६ जूनचं चित्रही मोकळं आलंय, त्यात पासच्या कुलूकडच्या बाजूचा बर्फ तुटायला लागलेला दिसतो, पलीकडचा पट्टा अजून सलग आहे. या आठवड्यात कोणी निघत असेल तर स्पाइक्स आणि दोर घेऊनच जा.